पोचे नसलेली गाडी

लढाईचा मला अनुभव आहे असं म्हटलं तर आमच्या सोसायटीतले लोक हसतील. हसू देत. ज्या काळाबद्दल लिहायला बसले आहे त्या काळात आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्या युद्धाच्या गाड्यांनी भरून गेल्या होत्या. कॉटखाली पोती, कपाटावर पोती, तांदळाच्या डब्यामागे पोती, आणि प्रत्येक पोत्यात गाड्या. झाडू मारताना एखादी कोपऱ्यातून घरंगळत यायची. चुकून पायाखाली आली की कडकन आवाज व्हायचा आणि आतल्या खोलीतून अण्णा, म्हणजे माझे वडील, ओरडायचे, "कोणी मोडली?" पृथ्वीवर कधी न झालेल्या युद्धातल्या, कोणी न पाहिलेल्या ग्रहावरच्या, सैनिकांना आत कोंबून नेणाऱ्या चिलखती गाड्या होत्या त्या. प्लास्टिकच्या, तळहातावर मावतील एवढ्या. परदेशात म्हणे मोठी माणसं टेबलावर असली युद्धं खेळतात. मोठी माणसं! या गाडीचं नाव होतं टॉरगन. आमच्या घरात ते नाव कोणाला धड घेता यायचं नाही. फक्त आईचा धाकटा भाऊ नंदूमामा ते असं उच्चारायचा, की विठ्ठलवाडीला त्याच्या दारात एक टॉरगन रोज उभी असते असं ऐकणाऱ्याला वाटावं. आई तिला डबडं म्हणायची. मीही तेच म्हणते.

अण्णा डायमेकर होते. प्लास्टिकची कुठलीही वस्तू, अगदी बादलीपासून बटणापर्यंत, ज्या लोखंडी साच्यातून निघते तो साचा म्हणजे डाय, आणि तो कोरणारा डायमेकर. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग संप झाला, संपावर टाळेबंदी झाली, आणि पांढऱ्या गाडीतून येऊन "मागे हटायचं नाय" सांगणारा पुढारी एका दिवशी यायचाच बंद झाला. मागे हटायचं नाही म्हणजे नक्की कुठे उभं राहायचं हे मात्र त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. काही महिन्यांनी कंपनीनं निरोप पाठवला, की ज्याला कामावर यायचं त्यानं मोठ्या साहेबासमोर उभं राहून, चूक झाली, माफ करा, एवढं म्हणायचं आणि मशीनवर जायचं. माफी मागायला येणाऱ्यांसाठी कंपनीनं एक बस ठेवली. तिच्या खिडक्यांना लोखंडी जाळी ठोकलेली होती, कारण गेटवर बाकीचे कामगार दगड घेऊन उभे असायचे. अण्णांनी घरात, जिन्यात, दूधवाल्यासमोर, सगळीकडे जाहीर केलं होतं, "मेलो तरी त्या बसमध्ये बसणार नाही, आणि माफी तर माझा बापही मागणार नाही." आजोबा वारून वर्षं झाली होती, तेव्हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पण आमच्या मजल्यावर अण्णांचा भाव वधारला. लोक त्यांना वाट देऊ लागले. मी कॉलेजात मैत्रिणींना ऐकवायचे, आमचे अण्णा वाकणारे नाहीत. न वाकणाऱ्या माणसाच्या घरात रोज कुळथाची पिठी आणि भात असतो हे मैत्रिणींना सांगत नव्हते.

अण्णा दिवसभर घरात, हे आम्हाला सवयीचं नव्हतं. ज्या माणसाला केसाएवढा फरक डोळ्यांनी दिसतो तो माणूस रिकामा बसला की घरातल्यांचे हाल कुत्रं खात नाही. त्यांनी दाराची बिजागरी तीनदा काढून बसवली. आईची विळी इतकी धारदार केली, की तिनं भाजी चिरताना बोट कापून घेतलं आणि वर तिलाच ऐकून घ्यावं लागलं. पोळीचा काठ एका बाजूला जाड आला की ते पोळी दिव्यासमोर धरायचे. आई म्हणायची, "अहो, खायची आहे ती, पास-नापास करायची नाही." पोचा आलेलं भांडं तर त्यांना घरात चालायचंच नाही. पोटातून लाकडी ठोकळा लावून, वरून हलक्या हातानं ठोकून ते पातेलं असं सरळ करायचे की बोहारणीनं नवं म्हणून खपवलं असतं. ठक ठक ठक, दुपारभर तो आवाज. शेजारचे म्हणायचे, अण्णांचा हात म्हणजे हात आहे. आईचं डोकं दुखायचं.

अशात नंदूमामा काम घेऊन आला. नंदूमामा उल्हासनगरच्या बाजारात काय करायचा हे त्याच्या बायकोलाही शेवटपर्यंत कळलं नाही, पण ओळखी दांडग्या. त्याला कोणीतरी कामेरकर नावाचे एक्स्पोर्टवाले साहेब भेटले होते. परदेशातल्या कुठल्याशा खेळाच्या कंपनीचं काम त्यांना इथून स्वस्तात करून पाठवायचं होतं. मामानं पेढ्यांच्या खोक्यातून कापसात गुंडाळलेला टॉरगनचा नमुना काढला आणि देवासमोर ठेवावा तसा स्टुलावर ठेवला.

"भावजी, हा एकुलता एक पीस आहे. फॉरेनहून आलेला. याच्यावरनं डाय मारायचा, माल काढायचा, बस्स. एकदा हे लागलं ना, तर वर्षानुवर्षं काम. कंपनीकडे बघायची पण गरज नाय."

शेवटचं वाक्य त्यानं हळू म्हटलं, पण घरात ते सगळ्यांना ऐकू गेलं. कारण आईनं आदल्याच आठवड्यात पहिल्यांदा विचारलं होतं, माफी मागितली तर काय आकाश कोसळेल का. त्यावर अण्णा दोन दिवस बोलले नव्हते. म्हणजे आता हे डबडं लागलं तर अण्णांची मान ताठ राहणार होती, आणि नाही लागलं तर त्यांना त्या जाळीच्या बसची वाट बघत उभं राहावं लागणार होतं. सगळं त्या पेढ्यांच्या खोक्यावर आलं होतं.

आई पदराला हात पुसत आली आणि तिनं नमुना निरखला. चौकोनी, बुटका, समोर तोफेचं एवढंसं नाक, मागे एक दार. "यात माणसं बसतात?"

"दहाबारा सोल्जर, ताई. फुल ड्रेसमध्ये."

"खिडकी कुठे आहे?"

"खिडकी कशाला? लढाईला चाललेत."

"मग श्वास कुठून घेतात? ज्यानं ही बनवली त्याला एकदा मे महिन्यात आत बसवा." आणि ती कढईकडे गेली. आयुष्यात मी या गाडीवर ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं तेच.

अण्णांनी चष्मा लावला, नमुना उचलला आणि त्यांचा चेहरा पडला. गाडीच्या दोन्ही बाजूंना पोचे होते. टपावर खरवडल्याच्या रेघा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, मागच्या दाराजवळ पत्रा आत गेल्यासारखा. "प्रवासात मार खाल्लाय याने," अण्णा म्हणाले. "कापसात गुंडाळून पाठवतात का असली वस्तू? कामेरकरांना कळवायला हवं."

"अजिबात नको," मामा म्हणाला. "पहिलंच काम, आणि तुम्ही त्यांच्या मालात खोट काढणार? साहेब नाराज होईल."

एरवी अण्णांनी मामाचं काही ऐकलं नसतं. पण हे त्यांना पटलं. आमच्या रत्नागिरीकडच्या गावी रीत अशी, की लग्नाकार्याला कोणाचं भांडं मागून आणलं तर परत देताना रिकामं द्यायचं नाही, आणि पोचा असला तर न बोलता काढून द्यायचा. हा तुमचा, हा आमचा, असा वाद घालायचा नाही. भांडं सरळ होऊन गेलं की देणारा समजतो, घेणारा समजतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा भांडं मिळतं. या रीतीवर आमच्या अख्ख्या आळीची लग्नं लागली होती. तीच रीत अण्णांनी परग्रहावरच्या युद्धाला लावली. तीन दिवस ते खिडकीत बसून टॉरगनवर लांबी भरत होते, म्हणजे रंगारी भिंतीची भोकं बुजवायला वापरतात ते लुकण. आधी पोच्यांच्या वर आलेल्या कडा घासून काढल्या, मग लांबी, मग पॉलिश पेपर, मग ओला पॉलिश पेपर, मग आईच्या जुन्या रेशमी पोलक्याचा तुकडा. उडालेला कोपरा नवा बनवला. शेवटी गाडी अशी गुळगुळीत झाली की तिच्यात ट्यूबलाइट दिसायची. अण्णांनी मला बोलावलं. "विजू, बोट फिरव." मी फिरवलं. "लागतंय काही?" "नाही." ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

त्या नमुन्यावरून एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या गाळ्यात अण्णांनी डाय कोरला. डायमध्ये गाडीच्या दोन बाजूंच्या पाट्या त्यांनी मुद्दाम सुट्या ठेवल्या, कधी झिजल्या तर तेवढ्याच बदलता याव्यात म्हणून. मामानं घाई केली, की साहेब यायच्या आधीच पहिला माल काढून ठेवू, बघून खूशच होईल. म्हणून ती पोती. गाळ्यातून तुकडे यायचे ते कडेनं प्लास्टिकची पातळ झालर घेऊन. ती झालर कापायचं काम मी आणि आई घरी करायचो. स्टोव्हची घरघर, रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामान, आणि आमच्या हातातल्या नेलकटरची टिकटिक. वरणाला प्लास्टिकचा वास, चहाला प्लास्टिकचा वास. एकदा वालाच्या बिरड्यात एक चाक निघालं, आणि अण्णांनी ते आधी तपासलं, झालर नीट कापली आहे का, आणि मग ताटाबाहेर ठेवलं. पण घर पुन्हा चालू झालं होतं. अण्णा संध्याकाळी हातांना काळं ऑइल घेऊन परत यायचे, आणि साबण लावताना गुणगुणायचे. आईनं माफीचा विषय पुन्हा काढला नाही.

आणि मग कामेरकर साहेब आले. गाळ्यात बसायला जागा नाही म्हणून मामानं त्यांना घरीच आणलं. सफारी सूट, हातात बॅग, आणि बोलण्यात दर तिसरा शब्द इंग्रजी. जिने चढून घाम फुटला तरी "नाइस लोकॅलिटी" म्हणाले. आमच्या लोकॅलिटीत तेव्हा नाल्याला हिरवा फेस आला होता. आईनं कांदेपोहे दिले, वर ओलं खोबरं. अण्णांनी नव्या धोतराच्या तुकड्यावर एक टॉरगन ठेवली आणि समोर सरकवली. साहेबांनी ती उचलली, फिरवली, खाली ठेवली, दुसरी उचलली. मग म्हणाले, "डॅमेज कुठाय?"

"एकही नाही," अण्णा अभिमानानं म्हणाले.

"अहो, पण डॅमेज कुठे गेला?"

"काढला."

"काढला म्हणजे?"

"तुमच्या नमुन्याला वाटेत मार लागला होता. म्हटलं तुम्हाला कशाला त्रास. नीट करून टाकला. आता कोणाच्या बापाला कळणार नाही."

साहेबांनी चमचा पोह्यात तसाच ठेवला आणि बॅगेतून एक रंगीत पुस्तक काढलं. त्यात आमचं डबडं पानभर छापलेलं होतं. भोवती लाल धुरळा, दोन सूर्य, आणि गाडीला अण्णांनी बुजवलेले सगळे पोचे, एक ना एक. खाली इंग्रजीत काहीतरी होतं ते मला वाचायला लावलं. या गाडीनं कुठल्याशा खिंडीत शत्रूचा मारा अंगावर घेतला आणि आतल्या सैनिकांना सुखरूप परत आणलं, म्हणून हिचे घाव म्हणजे हिचा मान, असा एकूण मजकूर. खेळणाऱ्यांना हीच गाडी हवी असते, साहेब म्हणाले. लढाईत मुरलेली. गुळगुळीत गाडी म्हणजे रणांगण न बघितलेली, भित्री गाडी.

"नव्या पातेल्याला कोणी भित्रं म्हणतं का?" आई दारातून म्हणाली.

"वहिनी, हे पातेलं नाही. हा ट्रूप कॅरियर आहे."

अण्णांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. "म्हणजे मुद्दाम मोडकी बनवायची? कोरी वस्तू, आणि बनवतानाच मोडकी?"

"मोडकी नाही हो. रिअल वाटली पाहिजे."

इथे मला थोडं थांबायला हवं. आमच्या सोसायटीत सी विंगला एक गृहस्थ राहतात. टक्कल पडलंय, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी मागे एकदा मला काचेच्या कपाटातल्या त्यांच्या असल्याच गाड्या दाखवल्या. "काकू, हात नका लावू," असं आधीच बजावलं. मेजपट्टीनं अंतर मोजून आणि फासे टाकून लढाई कशी होते ते अर्धा तास समजावलं. ते गाड्यांवर बारीक ब्रशनं गंज रंगवतात. गंजाचा रंग बाटलीत विकत मिळतो म्हणे. ज्या डोंबिवलीत एमआयडीसीच्या वाऱ्यानं आमच्या खिडक्यांचे गज सडून पडले, तिथे हा माणूस पैसे मोजून गंज आणतो! मी त्यांना म्हटलं, एवढी हौस आहे तर बायकोची कढई घासायला घ्या. त्यानंतर ते लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

तर कामेरकर साहेबांनी पोहे संपवले आणि निकाल दिला. आठवडाभरात पोचे परत पाहिजेत. तंतोतंत नको, पण खरे वाटले पाहिजेत. पुढच्या सोमवारी ते पोचे पाडलेला नमुना बघणार, मग त्यावरून डायच्या सुट्या पाट्या बदलायच्या. पटला तर काम चालू, नाही तर उल्हासनगरात दुसरे डायमेकर आहेत. मामा त्यांना सोडायला खाली गेला आणि वर आलाच नाही. शूर वीर!

आठवडाभर अण्णांनी नमुन्याला हात लावला नाही. "माझ्या हातून मोडकं काम जाणार नाही," एवढंच. जेवताना तेच, अंघोळीला जाताना तेच. तत्त्व म्हणजे काय मोठी चीज असते हे मी तोवर पुस्तकात वाचलं होतं, त्या आठवड्यात मला त्याचा वीट आला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"मला एकदाच सांगा. चार खड्डे पाडणं जास्त लाजेचं आहे, की कंपनीच्या साहेबासमोर हात जोडणं? कारण उद्यानंतर दोन्हीतलं एक तुम्हाला करावंच लागणार आहे. मी कुळीथ शिजवून शिजवून थकले हो."

अण्णा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. तेव्हा आईनं सरळ नमुना उचलला, पोती शिवायचं दाभण स्टोव्हवर तापवलं, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसून टॉरगनला भोकं पाडायला सुरुवात केली. चर्र आवाज यायचा आणि घाण वास. मी म्हटलं, "आई, अगं बिघडेल." ती म्हणाली, "बिघडवायचंच आहे." तिनं एका रांगेत, सारख्या अंतरावर, व्यवस्थित टोचे मारले. अनारशाला खसखस लावावी तसं काम होतं ते.

वास अण्णांपर्यंत गेला असावा. ते उठून आले, आईच्या खांद्यावरून बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "ही काय चाळणी केलीस!"

"मग तुम्ही करा."

"अगं, मार असा रांगेत लागतो का? मारणारे काय पट्टी घेऊन उभे असतात?" त्यांनी तिच्या हातातून दाभण काढून घेतलं, फेकलं, आपली हत्यारांची पेटी ओढली, आणि बसले. वाईट काम करायला त्यांचा जीव धजत नव्हता, पण वाईट कामही वाईट केलेलं त्यांना बघवेना. असा माणूस आमच्या नशिबी. आधी आईची भोकं लांबीनं बुजवली. ती सुकेपर्यंत हत्यारं पुसली. मग एक बोथट पंच, म्हणजे खूण ठोकायची लोखंडी सळी, तापवून पहिला पोचा दाबला. तो पोचा खरा होता, एवढंच मी सांगू शकते. एका बाजूनं खोल, दुसरीकडे उथळ होत गेलेला. "खालून फेकलेला असला की असा वर सरकतो," ते स्वतःशीच म्हणाले. "जवळून मारला की कड तुटते. लांबून आला की नुसता दबतो." एकामागून एक ते करत गेले, आणि आम्ही दोघी बघत बसलो. स्टोव्हवरचं चहाचं आधण आटून गेलं तरी कोणी उठलं नाही.

एक बाजू झाली. मागच्या दाराच्या थोडं पुढे एक जागा मात्र कोरी राहिली होती, अंगठ्याएवढी. आईला वाटलं विसरले. "इथे मोकळं दिसतंय हो. इथेही एक पाडा."

"तिथे नाही लागला," अण्णा म्हणाले.

आई म्हणाली, "कुठे नाही लागला? कसला?"

अण्णांनी पंच खाली ठेवला. बोलले तेव्हा ते आमच्याकडे बघत नव्हते. "त्या बसमध्ये मी बसलेलो. एकदा. तुला युनियनच्या मीटिंगला जातो म्हणून सांगून गेलेलो."

"माफी मागायला?" आईचा आवाज एकदम लहान झाला.

"मशीनवर जायला. हात शिवशिवत होते गं. घरात विळ्या आणि बिजागऱ्या किती करू?" बस गेटजवळ आली तशी दगड सुरू झाले, त्यांनी सांगितलं. आतून पत्र्यावर तो आवाज कसा येतो ते त्यांनी सांगितलं. सगळे डोकी गुडघ्यात घालून बसले होते. मागच्या दाराजवळच्या खिडकीत बसलेल्या यांनी मान वर केली तर जाळीपलीकडे हातभर अंतरावर हरिश्चंद्र उभा होता. कोपरीचा कोळी, कंपनीत अण्णांच्या शेजारच्या मशीनवरचा, वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेला. त्याचा हात दगडासकट वर गेलेला होता. "त्यानं मला बघितलं. आणि हात खाली केला. दगड तिथेच पायापाशी टाकला." आत गेल्यावर बाकीचे साहेबासमोर रांगेत उभे राहिले. अण्णा मागच्या भिंतीवरून उडी मारून बाहेर आले आणि संध्याकाळपर्यंत खोपटच्या एसटी डेपोत, गावी जाणाऱ्या लोकांमध्ये बसून राहिले.

"त्यानं कोणाला सांगितलं नाही," अण्णा म्हणाले. "एका माणसाला नाही. इथे तुम्ही सगळे मला वाघ म्हणताय, आणि तो तिकडे गप्प. मारला असता ना त्यानं, तर मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसलो असतो."

मला राग आला, फार राग आला. कॉलेजात मारलेल्या सगळ्या बढाया आठवल्या. आई मात्र रागावली नाही. ती उठली, आटलेल्या चहात पुन्हा पाणी घातलं आणि म्हणाली, "दुसरी बाजू पुरी करा. उजेड जाईल."

सोमवारी कामेरकर साहेब आले. भिंग लावून नमुना फिरवला आणि खूश झाले. "एक्सलंट! एकदम रिअल! फक्त या बाजूला, दाराजवळ, एक स्पॉट प्लेन वाटतोय. तिथे एक हिट टाका, की पास." नंदूमामा, जो चहाच्या वासावर पुन्हा उगवला होता, टेबलाखालून अण्णांचा पाय दाबत होता. हो म्हणा, भावजी, हो म्हणा.

"तिथे होणार नाही," अण्णा म्हणाले.

"अहो, एक तर मारायचाय!"

"एकही नाही. घ्यायचं तर असंच घ्या, नाहीतर राहू दे."

मामाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी आईकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, त्यांचा माल बोटीवर चढायचा दिवस जवळ आला असावा, कारण कलेचं कौतुक त्या माणसाला आठ आण्याचं नव्हतं. "ओके, ओके. चालवून घेतो," ते म्हणाले. ते काम आमच्या घरात पुढे बरीच वर्षं राहिलं. कंपनीचा निरोप पुन्हा दोनदा आला, अण्णांनी उत्तर दिलं नाही. कंपनीच्या त्या साहेबासमोर त्यांनी कधीच हात जोडले नाहीत.

माफी मागायला ते गेले, पण कोपरीला. त्याच आठवड्यात, इस्त्रीचा शर्ट घालून, आईला सांगून. येताना हातात वर्तमानपत्राची ओली पुडी होती, आत बोंबील. आईनं पुडी घेतली, ओट्यावर ठेवली, आणि दम न निघून विचारलं, "बोललात का? काय म्हणाला हरिश्चंद्र?"

अण्णा चप्पल काढत होते. एक काढली आणि दुसरी तशीच पायात ठेवून दाराला टेकून उभे राहिले.

"म्हणाला, कंची बस?"